बिनकुंकवाचा जोड

टाकळीच्या पाण्याची ख्याती अशी, की सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे घरातून आलेला पेला तोंडाला लावल्यासारखा करून खाली ठेवतात आणि आपल्या पिशवीतली बाटली काढतात. पूर्णेकाठचा हा सगळा खारपाणपट्टा. मूर्तिजापूरच्या बाजारात टाकळीचा कापूस ओळखू येतो, जमीनच तशी काळी, कसदार. पण त्याच जमिनीतल्या विहिरीचं पाणी जिभेवर ठेवलं तर तोंड वाकडं होतं. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पितळी भांडं महिनाभरात म्हातारं दिसायला लागतं. लोखंड पुरलं तर जमीन तेही खाते.

या पाण्यापायी आपली बायको गेली, असं नत्थुजी म्हणत. डॉक्टरांनी किडनी म्हटलं, नत्थुजींनी पाणी म्हटलं. गोदाबाई गेली त्या दिवसापासून त्यांनी एकच ध्यास घेतला: नदीपल्याड धरणाचं गोड पाणी आलं आहे, ते नदीखालून अल्याड आणायचं. मग अकोल्याच्या कचेऱ्या सुरू झाल्या. पुढे पुढे तिथला शिपाई त्यांना पाहिलं की आधी खुर्ची द्यायचा आणि मग साहेब नसल्याचं सांगायचा. नत्थुजी खुर्चीवर बसून राहायचे. साहेबाला कधीतरी बाहेर यावंच लागे.

शेवटी योजना मंजूर झाली. भूमिपूजनाची पहिली कुदळ नत्थुजींनीच मारली, आणि ती कुदळ घरी आणून देवघराशेजारी उभी केली. रोज देवाबरोबर तिलाही हळदीकुंकू लागे. भूमिपूजनानंतर काम लवकर सुरू झालं नाही, हे सांगायची गरज नाही. कुदळीवर मात्र कुंकवाचा थर चढत गेला.

या नत्थुजींची मुलगी रागिणी समुद्रात पाइप टाकते, हे गावाला पचायला फार जड गेलं होतं. अमरावतीला इंजिनिअर झाली, इथवर ठीक. पण पुढे ती मुंबईपासून आत, जिथून जमीन दिसत नाही, अशा ठिकाणी बार्जवर राहते आणि पुरुषांनी केलेल्या कामातल्या चुका काढते, हे ऐकून तिच्यासाठी चालून आलेली दोन स्थळं आल्या पावली परत गेली होती. रागिणीला त्याचं दुःख झाल्याचं कोणी पाहिलं नाही.

"पान्यात पाइप टाकून पानी काहाले आनतात वं?" शेजारच्या तानुबाईंनी एकदा विचारलं होतं.

"पानी नाही, काकू. तेल आन् गॅस. समुद्राच्या तळाखालून निघते, थे पाइपातून किनाऱ्यावर आनतात."

मग रागिणीने ओट्यावर बसून सगळं सांगितलं होतं. बार्ज म्हणजे आपल्या जिनिंगच्या शेडएवढा तरंगता कारखाना. एका टोकाला पाइपाचे तुकडे ठेवतात. पहिल्या ठिकाणी दोन तुकडे जोडतात, पुढच्या ठिकाणी त्याच जोडावर आणखी वेल्डिंग, त्याच्या पुढे जोडाचा एक्स-रे, मग त्यावर रंगाचा जाड लेप. सगळ्यांचं काम झालं की बार्ज आपल्या नांगरांच्या दोऱ्या ओढत एका पाइपाइतका पुढे सरकतो, आणि मागच्या बाजूने तेवढाच पाइप उतारावरून समुद्रात उतरतो. रिकामा पाइप तरंगू नये म्हणून त्याला अंगभर सिमेंटचा अंगरखा घातलेला असतो. अधूनमधून एका हलक्या धातूची जाड बांगडी चढवतात. खारं पाणी आधी त्या बांगडीला खातं, आणि ती झिजते तोवर पाइपाचं लोखंड वाचतं. पाण्यात उतरायच्या आधीचं शेवटचं ठिकाण रागिणीचं. तिने मान हलवली तर पाइप पुढे जातो, नाही हलवली तर अख्खा बार्ज, त्यावरची सगळी माणसं आणि त्यांचा साहेब, सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे राहतात.

"आन् मंग गंजला तं?"

"दरवर्षी पाहतात ना. कॅमेऱ्याचं यंत्र तळाशी पोहत जाते. कुठं पाइपाखालची रेती वाहून गेली असन तं पाइप लोंबकयतो, तिथं खाली सिमेंटच्या पिशव्या भरतात. बांगड्या किती झिजल्या थे पाहतात. आन् पाइपाच्या आतून डुक्कर सोडतात."

"डुक्कर!"

"तसं नाव हाये काकू. गोळा असते रबराचा. एका टोकानं सोडला की दाबानं दुसऱ्या टोकाले जाते, आतून साफ करत. शहाना डुक्कर असन तं पाइप कुठं पातय झाला थे बी मोजून आनते."

त्या दिवसापासून गावात रागिणीचं नाव डुक्करवाली इंजिनिअर पडलं. तिला ते आवडलंही होतं.

यंदा तिची सुट्टी आणि नदीतलं काम नेमकं एकाच वेळी आलं. सुट्टीवर आलेलं माणूस झोपा काढतं. ही रोज सकाळी नदीवर. ठेकेदाराचा इंजिनिअर नितेश हा अकोल्याचा, वयाने तिच्याच बरोबरीचा आणि कामाला चोख. त्याला आधी वाटलं ही बाई डोक्याला ताप होणार, पण दोनच दिवसांत दोघांचं जमलं, कारण काम हुबेहूब तेच होतं. समुद्रातला पाइप जिथे किनाऱ्याला लागतो तिथे तो असाच ओढून घेतात. इथे पलीकडच्या काठावर विंच, म्हणजे तार गुंडाळत ओढणारा रहाट, बसवला होता. अलीकडे पाइपाची लांबलचक माळ रोलरवर निजवली होती, सिमेंटचा अंगरखा घालून, बांगड्या चढवून. अर्धी माळ नदीच्या तळाला खोदलेल्या चरात ओढून झाली होती. तिच्या शेपटाला उरलेली अर्धी माळ जोडायची, आणि दोन्ही मिळून पुढे ओढायचं. हा मधला जोड शेवटचा. ओढून झाल्यावर तो नेमका नदीच्या पोटात, चिखलाखाली जाऊन बसणार होता.

त्या दिवशी सकाळी नितेशने जोडाचा एक्स-रे पाहिला, त्यावर काळा लेप दिला, आणि तो वाळल्यावर रागिणीच्या समोर ठिणगीचं यंत्र फिरवलं. पिवळी पेटी, तिला वायर, वायरीच्या टोकाला पितळी ब्रश. लेपात कुठे सुईएवढं जरी भोक असलं तरी ब्रशातून ठिणगी उडते आणि पेटी ओरडते. पेटी गप्प राहिली. रागिणी खूश होऊन आंघोळीला घरी गेली. वरच्या धरणातून संध्याकाळी पाणी सुटणार होतं, त्याच्या आत ओढून व्हायला हवं होतं, पण दिवस अजून हातात होता, घाई करायचं काही कारण नव्हतं.

ती परत आली तेव्हा काठावर जत्रा भरली होती. तालुक्याचे नेते आले होते, त्यांच्यामागे कॅमेरे, आणि समोर गुरुजी. दोन पाइपांची गाठ म्हणजे लग्नच की, असं गुरुजींनी म्हटल्यावर बायांनी जोडाला तेल-हळद लावली होती. नत्थुजींनी स्वच्छ धोतर नेसून, काळ्या चकचकीत लेपावर बोटाने कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. काढताना ते पुटपुटले, "गोदे, आनलं वं पानी." जवळ उभ्या तानुबाईंनी ते ऐकलं आणि त्यांनी पदर डोळ्याला लावला.

इथवर सगळं ठीक होतं. पुढे आला नारळ.

नारळ फोडायचा तो जोडावरच, यात कोणाचं दुमत नव्हतं. पण पाइप गोल, लेप गुळगुळीत, वर तेल चोपडलेलं. नेत्यांनी नारळ आपटला तो घसरून कॅमेरावाल्याच्या पायावर पडला. लोक हसले. तेव्हा नत्थुजींना सुचलं. त्यांनी घरून पूजेला आणलेली ती भूमिपूजनाची कुदळ जोडावर आडवी ठेवली आणि म्हणाले, "घ्या आता." लोखंडावर नारळ फट्दिशी फुटला. मग कोणीच मागे राहिना. नेते झाले, सरपंच झाले, पाणी समितीचे झाले. शेवटचा, सगळ्यांत जोराचा घाव नत्थुजींचा. तो घाव रागिणीने पाहिला.

ती गर्दीतून पुढे घुसली. तिने कुदळ उचलली, ओढणीने नारळाचं पाणी टिपलं. कुदळीच्या टोकाखाली काळा लेप फाटला होता. ओरखडा बोटभर लांब. त्याच्या तळाशी लोखंड चमकत होतं, नुकतंच घासलेल्या ताटासारखं.

"नितेशभाऊ, पेटी आना."

नितेशने पेटी आणली. ब्रश ओरखड्यावर गेला आणि निळी ठिणगी कडाडली, पेटी टर्र करून ओरडली. पुढच्या रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरली. गुरुजी चार सरले.

"काय झालं?" नेत्यांनी विचारलं.

"जोड जखमी झाला. दुरुस्त केल्याबिगर पान्यात जाऊ शकत नाही."

नितेशने तिला बाजूला घेतलं. तो काही लबाड माणूस नव्हता, पण त्याच्या मागे नेते उभे होते आणि पुढे धरणाचं पाणी. "मॅडम, ओरखडा आहे, मान्य. पण बांगड्या आहेत ना? त्या कशासाठी घातल्या? अशा छोट्या जखमा त्याच सांभाळतात."

"न दिसणाऱ्या जखमांसाठी बांगड्या असतात नितेशभाऊ. डोळ्यांनी दिसलेली जखम बांगडीच्या भरवशावर सोडायची? ती इथेच झिजून संपेल. मग बाकीच्या पाइपाला कोण?"

उत्तर त्यालाही माहीत होतं.

"वरून पट्टी मारू," तो हळूच म्हणाला.

"पट्टी तेलावर चिकटेल? हळद, तेल, कुंकू, सगळं काढावं लागेल. थिनरने पुसून, घासून, मग नवा लेप."

एवढं बोलणं तानुबाईंच्या कानावर गेलं आणि त्यांनी छाती पिटली. "अवं बया! कुंकू पुसतं काय? गोदीच्या नावाचं कुंकू हाये थे!"

मग कल्लोळ उठला. लग्न लागलेल्या जोडाचं कुंकू पुसणं म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. कोणी म्हणालं, अपशकुन. कोणी म्हणालं, समुद्रात राहून पोरगी बाटली. समितीतले एकजण मोठ्या अभिमानाने ओरडले, "जुन्या पाइपावर बी अकरा नारळ फोडले होते आमी! तवा कोनी काही म्हनलं नाही!"

"मंग कुठं हाये थो जुना पाइप?" रागिणीने तितक्याच मोठ्याने विचारलं.

जुना पाइप नदीखाली होता. वाजतगाजत टाकला होता, दोन उन्हाळे त्यातून गोड पाणी आलं, मग गढूळ आलं, मग खारं आलं, मग काहीच आलं नाही. कुठे सडला ते शोधायला खाली कोणी गेलं नाही, आणि टाकळीच्या बाया पुन्हा खाऱ्या विहिरीवर गेल्या. त्यांत गोदाबाई होती.

नेत्यांना उशीर होत होता. त्यांनी हसून हात हलवला. "झालं आता. पोरगी शिकलेली हाये, तिचंही चुकत नाही, पण शुभकार्यात असं करू नये. ए साहेब, झेंडा दाखव."

पलीकडच्या काठावरचा विंचवाला हिरव्या झेंड्याची वाट पाहत होता. झेंडा नितेशच्या काखेत होता. रागिणीने तो ओढून घेतला, चार घड्या केल्या, जोडाशेजारी सिमेंटवर ठेवला आणि त्यावर बसली.

"ओढा आता," ती म्हणाली. "मी बी जाईन नदीत. तुमचे कॅमेरे हायेतच."

कॅमेरे खरंच तिच्याकडे वळले होते. नेत्यांचं हसू गेलं.

"नत्थुजी," ते म्हणाले, "सांगा तुमच्या पोरीले."

नत्थुजी पुढे आले. त्यांचं तोंड रागाने काळंठिक्कर पडलं होतं. इतकी वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले ते आजच्या दिवसासाठी, आणि आज साऱ्या गावासमोर पोटच्या पोरीने त्यांच्याच नारळात खोट काढली होती. "उठ रागे."

"नाही बाबा."

"माह्या नारळानं पाइप सडन म्हनतं?"

"नारळानं नाही. कुदळीनं. पन सडन."

"त्या कुंकवाले हात लावशीन तं हात मोडीन. तुह्या मायच्या नावाचं हाये."

रागिणी बापाला भीत असे. बार्जवर दोनशे माणसांना अडवणारी ही बाई, पण नत्थुजींचा आवाज चढला की आजवर ती निमूट ऐकत आली होती. आत्ता मात्र ती झेंड्यावर आणखी घट्ट बसली. तिला आई आठवली. शेवटी शेवटी सुजलेले तिचे पाय, आणि एवढ्या आजारातही घागर कमरेवर घेऊन विहिरीकडे निघालेली. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा राग आला. त्या रागातच तिने नितेशच्या थिनरच्या डब्यात कापडाचा बोळा बुडवला आणि स्वस्तिकाच्या मधोमध फिरवला.

अर्धं कुंकू गेलं.

नत्थुजींचा हात वर झाला होता. तो तसाच राहिला. ते अर्ध्या पुसलेल्या स्वस्तिकाकडे बघत होते.

"तुह्या समुद्रात असं झालं तं काय करतं?" त्यांनी विचारलं.

"पुढं जाऊच देत नाही. एकदा एका जुन्या पाइपाले असंच झालं होतं, आमच्या आधीच्या लोकांनी घाईत सोडला. वरून कोनाचं तरी अवजार पडलं होतं, एवढासाच ओरखडा. काही वर्षांनी तिथून बुडबुडे येऊन राह्यले. मंग पानबुडे उतरवले. लोखंडी खोलीत कोंडून, दिवस दिवस खालच्या दाबात राहून त्यायनं पाइपाले पट्टा बांधला. एकाचा जीव जाता जाता राह्यला."

"आन् हे नदीखाली झालं तं? खाली कोन जाईन?"

"कोनी नाही, बाबा. टाकळीसाठी कोन पानबुडे आनते?"

नत्थुजींनी मान हलवली. मग ते नेत्यांकडे वळले. "तुमी निघा साहेब. तुमाले उशीर होते."

"अहो पण धरणाचं पाणी... आज नाही झालं तर..." नितेश मधेच म्हणाला.

"आज झालं तं आज. नाही तं पानी उतरल्यावर. थांबाची सवय हाये मले." आणि मग त्यांचा आवाज असा चढला की पलीकडचा विंचवालासुद्धा उठून उभा राहिला. "पन या पाइपाले माही पोरगी हो म्हनल्याशिवाय कोनी हात लावला, तं हेच कुदळ त्याच्या टकुऱ्यात घालीन! मंग थो सरपंच असो का आनखी कोनी!"

सरपंच लांबच उभे होते, ते आणखी लांब झाले. नेत्यांच्या गाड्या धूळ उडवत गेल्या. नत्थुजी धोतर सावरून पाइपाजवळ उकिडवे बसले, मुलीच्या हातातून बोळा घेतला, आणि उरलेलं अर्धं स्वस्तिक त्यांनी स्वतः पुसलं. सावकाश पुसलं. बोळा लाल झाला तसा त्यांनी तो फेकला नाही, घडी करून बंडीच्या खिशात ठेवला.

मग काम सुरू झालं. नितेशने जखमेच्या कडा घासून साफ केल्या, लोखंड उजळ केलं, लवकर वाळणारा लेप कालवून दिला आणि त्याला दिव्याची धग दिली. आता त्याच्याही हाताला जोर आला होता; भिडेपायी झाकायला निघालेलं काम नीट करायला मिळालं की चांगल्या माणसाला असंच होतं. ऊन कलायला लागलं तेव्हा लेप नखाला दाद देईना. रागिणीने ब्रश फिरवला. पेटी गप्प.

तिने झेंड्यावरून उठायला हात टेकला, तर नत्थुजी म्हणाले, "बस खाली. मले दे."

त्यांनी ब्रश घेतला, आणि जोडाच्या वरून, बाजूने, जमिनीवर आडवं होऊन पोटाखालूनही फिरवला. धोतराची पार माती झाली. मग म्हणाले, "आता बाकीचे जोड."

"बाबा, थे सकायीच..."

"सकाय गेली. तवापासून इथं शंभर लोक येऊन गेले. कोन कुठं काय आपटलं, मले काय मालूम?"

नितेशने कपाळाला हात लावला. रागिणीला मात्र हसू फुटलं. बार्जवर तिचा साहेब तिला जे म्हणायचा तेच तिच्या बापाने म्हटलं होतं. बापलेक काठावरचे सगळे जोड फिरून आले. पेटी कुठेही ओरडली नाही.

मग तिने बसल्या जागेचा झेंडा उचलला, झटकला, आणि नत्थुजींच्या हातात दिला. त्यांनी तो वर केला. पलीकडे विंच घरघरला, तार ताणली गेली, रोलर फिरायला लागले आणि पाइप सरकला. जोड काठावरून उतरला, गढूळ पाण्याला टेकला, आणि कुंकवाचा ठिपकाही अंगावर नसलेला, नुसता काळा, पूर्णेत बुडायला लागला.

तानुबाई एवढा वेळ गेल्याच नव्हत्या. त्या पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "बिनकुंकवाची गेली वं माय."

नत्थुजींनी झेंडा खाली घेतला नाही. पाण्याकडे बघतच ते म्हणाले, "गोदीले भरल्या कपायानं पोचवलं तानुबाई. साऱ्या गावानं नशीबवान म्हनलं तिले. पानी खारंच होतं."

पाइप सरकत राहिला.